हातचा न लागणारा गुणाकार

गेल्या आठवड्यात घरखर्चाचा हिशेब मांडताना, हात मोकळे असल्यामुळे म्हणा किंवा हिशेब कंटाळवाणा असल्यामुळे म्हणा, मी स्प्रेडशीटच्या एका रिकाम्या चौकोनात १११११११११ गुणिले १११११११११ असे सूत्र लिहिले. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३००. ते पाहताक्षणीच खोटे आहे हे कळत होते, कारण दोन्ही संख्यांचा एकक अंक १ असताना गुणाकाराच्या शेवटी शून्य येणे शक्यच नाही. तोच गुणाकार ब्राउझरकडून करून घेतला, तर त्याने १२३४५६७८९८७६५४३२० असे उत्तर दिले. हे सत्याच्या बरेच जवळचे होते, पण सम असल्यामुळे तेही खोटेच होते. यात यंत्राची फार मोठी चूक आहे असे मी म्हणणार नाही. स्प्रेडशीट पंधरा अंकांपुढचे अंक सोडून देते. ब्राउझरची नेहमीची संख्या साठवण्याची पद्धत अशी आहे की २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडला की पुढची कोणतीच विषम संख्या तिला अचूक धरून ठेवता येत नाही. आपली संख्या त्या मर्यादेच्या थोडी पलीकडे पडते आणि विषम असते, म्हणून शेवटचा १ गळून जातो.

शेवटी चौकडीची वही काढली. शाळेत शिकवल्याप्रमाणे १११११११११ च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकवून, एकाखाली एक लिहिल्या आणि उजवीकडून बेरीज सुरू केली. पहिल्या स्तंभात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे होत होत नवव्या स्तंभात नऊ एक येतात. तिथून पुढे ओळी एकेक करून संपू लागतात, त्यामुळे आठ, सात, सहा असे उतरत पुन्हा एकावर येऊन थांबतो. संपूर्ण बेरजेत एकदाही हातचा घ्यावा लागला नाही. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ असे आले. उजवीकडून वाचा किंवा डावीकडून, सारखेच. आपल्या पद्धतीने ही संख्या वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस असे म्हणावे लागते; आणि त्यात ‘कोटी’ दोनदा येतो, यावरूनच तिच्या आकाराची कल्पना यावी.

अशा संख्यांचा नाद ज्यांनी आयुष्यभर जोपासला त्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, ठाण्यात शाळा आणि पुण्यात फर्ग्युसन कॉलेज केलेले, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळवलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नव्हती आणि संशोधन संस्थेचा आधारही नव्हता. लोकांना त्यांचा ६१७४ हा स्थिरांक (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून पुन्हा पुन्हा वजाबाकी केली की शेवटी येणारी संख्या) ठाऊक असतो, पण त्यांनी अभ्यासलेल्या संख्यांची जंत्री त्याहून पुष्कळ मोठी आहे. त्यांतल्या एका कुळाला त्यांनी ‘डेम्लो’ असे नाव दिले. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या ज्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली त्याचे हे नाव, आणि ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. १६५, २५५३, ४७७७३ ही या कुळातली साधी उदाहरणे होत: दोन टोकांच्या अंकांची बेरीज केली की मधला, पुन्हा पुन्हा येणारा अंक मिळतो. १, १२१, १२३२१ अशी चढत जाणारी आणि आपल्या संख्येपाशी पोहोचणारी माळ ही या कुळातली सर्वांत देखणी शाखा.

पण देखणेपणावर थांबले की संख्या समजत नाही. तिचे अवयव पाडल्यावर समजते. आपली संख्या संयुक्त आहे हे सांगायला नकोच, कारण ती पूर्ण वर्ग आहे. प्रश्न एवढाच की १११११११११ कशाकशाचा बनलेला आहे. नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन गट, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१ हे कागद न घेताही दिसते. आता दोन्ही बाजूंचा वर्ग करा. १११ चा वर्ग १२३२१ आणि १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१, म्हणजे

१२३४५६७८९८७६५४३२१ = १२३२१ × १००२००३००२००१.

या ओळीकडे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. उजवीकडच्या दोन्ही अवयवांत १, २, ३, २, १ हेच अंक त्याच क्रमाने आहेत. दुसऱ्यात फक्त त्यांच्यामध्ये दोन-दोन शून्ये पेरलेली आहेत. मोठ्या डोंगराच्या आत त्याच आकाराच्या दोन टेकड्या, एक दाट आणि एक विरळ. गुणाकार मुद्दाम पायरीपायरीने करून पाहा: १२३२१ ची एक पट, दोन पट, तीन पट, दोन पट आणि एक पट, प्रत्येक वेळी तीन घरे सरकवून. येणाऱ्या १२३२१, २४६४२, ३६९६३ या पटी एकमेकींवर अशा बेताने चढतात की सतराच्या सतरा अंक जागच्या जागी बसतात.

पुढे जाऊ. १११ = ३ × ३७ हे सर्वांना माहीत आहे. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ मिळतात. तेव्हा आपल्या संख्येचे मूळ अवयव झाले ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, मात्र ३३३६६७ ही मूळ संख्या असेल तरच. आणि ती आहे, हे संगणकाला न विचारता ठरवता येते. त्यातली युक्ती मला संपूर्ण संख्येपेक्षा जास्त आवडते, म्हणून इथे थोडा वेळ काढतो.

३३३६६७ चे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये आहे. म्हणजे नेहमीच्या रीतीने ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल, आणि त्या १०६ आहेत. पण आपल्याला एक गोष्ट आधीच ठाऊक आहे: ३३३६६७ ही संख्या ९९९९९९९९९ ची विभाजक आहे (२९९७ ने गुणून पाहा). म्हणून ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव घेतला, तरी त्याच्या व्यस्ताचा, म्हणजे १ भागिले तो अवयव याचा, दशांश अपूर्णांक नऊ-नऊ अंकांनी पुन्हा पुन्हा येणार, आणि त्याचा खरा आवर्तनकाल १, ३ किंवा ९ यांपैकी एक असणार. आवर्तन एका अंकाचे असेल तर तो मूळ अवयव ३ च असू शकतो, तीन अंकांचे असेल तर ३७ च, कारण ९९९ म्हणजे २७ × ३७. पण ३३३६६७ ला ३ ने भागले तरी बाकी १ उरते आणि ३७ ने भागले तरी बाकी १ च उरते. उरला एकच पर्याय: आवर्तन नेमके नऊ अंकांचे.

इथे सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा याचा नियम उपयोगी पडतो. २ आणि ५ सोडून कोणत्याही मूळ संख्येच्या व्यस्ताचा आवर्तनकाल त्या संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला निःशेष भागतो. म्हणजे आपल्या अज्ञात अवयवातून १ वजा केला तर ९ ने भाग गेला पाहिजे, आणि अवयव विषम असल्यामुळे २ नेही, म्हणजे एकूण १८ ने. १८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या आणि ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या किती? १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. ३७ आधीच बाद झालेला आहे, म्हणून एकशे सहाऐवजी फक्त सोळा भागाकार उरतात. मी ते एका संध्याकाळी चहाच्या वेळेत केले. १९ ने भागल्यावर बाकी ८ उरते, ५४१ ने भागल्यावर ४११, शेवटच्या ५७७ ने भागल्यावर १६१. मधल्यांपैकीही कोणी निःशेष भागत नाही. ३३३६६७ मूळ आहे. फर्माने १६४० च्या सुमारास याच प्रकारच्या चाळणीने २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येचा २२३ हा अवयव शोधला होता. त्याची चाळणी दोनाच्या घातांची होती, आपली दहाच्या, एवढाच फरक.

अवयव हाती आल्यावर बाकीची माहिती आपोआप येते. एकूण विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५. विषम असणारच, कारण पूर्ण वर्गाचे विभाजक जोडीजोडीने येतात आणि वर्गमूळ एकटे उरते: बावीस जोड्या आणि मध्ये १११११११११. त्यांतले पहिले पंधरा १ पासून ११०८८९ पर्यंतच संपतात, आणि मग थेट ३३३६६७ पर्यंत एकही नाही. स्वतःला वगळून सर्व विभाजकांची बेरीज केली तर ती संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते, म्हणजे जुन्या वर्गीकरणानुसार ही न्यून संख्या आहे.

कापरेकरांची दुसरी एक कल्पना इथे लावून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला ते ‘हर्षद’ म्हणत, म्हणजे आनंद देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, आणि ३ चा चौथा घातही ८१ च, म्हणून भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. मला वाटले होते की या माळेतल्या सगळ्याच संख्या हर्षद असतील. तसे मुळीच नाही. n एकांच्या संख्येचा वर्ग केला की नऊपर्यंत अंकांची बेरीज n चा वर्ग येते, म्हणून n एकांच्या संख्येलाच n ने भाग जातो का एवढे पाहिले की झाले. २, ४, ६, ८ यांनी जात नाही, कारण ती संख्या विषम असते. ५ ने जात नाही, कारण शेवटी १ असतो. सात एकांच्या संख्येचे मूळ अवयव २३९ आणि ४६४९ आहेत, म्हणून ७ ने जात नाही. उरतात १, ३ आणि ९. नऊ पायऱ्यांच्या या जिन्यात पहिली, तिसरी आणि शेवटची, अशा तीनच पायऱ्या आनंदाच्या आहेत: १, १२३२१ आणि आपली संख्या.

या आकृतिबंधाचे आकर्षण फार जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने गुणाकाराची जी उदाहरणे दिली त्यांत २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हे आहे, आणि १५२२०७ × ७३ = ११११११११ हेही आहे. अशा दोन्ही बाजूंनी सारख्या संख्यांना त्याने गळ्यातल्या हाराची उपमा दिली. दोन्ही गुणाकार मी वहीत करून पाहिले आहेत, बरोबर येतात. साडेअकराशे वर्षांपूर्वी ४४१ हा गुणक कोणाला कसा सुचला असेल याचे उत्तर अवयवांतच आहे: सहा एकांच्या संख्येत ३ आणि ७ हे दोन्ही अवयव असतात, म्हणून तिच्या वर्गात २१ चा वर्ग असणारच. हार ओवणाऱ्याला तो कुठे सोडवायचा हे माहीत होते.

आता दहावी पायरी. दहा एकांचा वर्ग करताना वहीत दहाव्या स्तंभात दहा एक आले आणि पहिल्यांदाच शून्य मांडून हातचा एक घ्यावा लागला. पुढच्या स्तंभात नऊ अधिक हातचा एक, पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पुढच्या स्तंभात आठ होते, ते नऊ झाले आणि हातचा संपला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ नाहीसा झाला आणि मधोमध दोन शून्यांचे भगदाड पडले. १ भागिले ८१ केल्यावर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा जो आठ गाळणारा अपूर्णांक मिळतो, त्यात आठ गळतो तोही याच हातच्यामुळे, ०.१११… चा वर्ग करायचा म्हणजे हीच बेरीज अनंतापर्यंत करायची. दहाऐवजी आठ हा पाया घेतला असता तर हा अपघात आठव्या पायरीवर झाला असता, सोळा घेतला असता तर सोळाव्या.

या एका हातच्यामुळे काय काय गेले पाहा. उलटसुलट सारखेपणा गेला. अंकांची बेरीज १०० व्हायला हवी होती, ती ८२ झाली. ८२ सम आणि संख्या विषम, म्हणून हर्षदपण येण्याची आशाही गेली. इतकेच काय, भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली आहेत, त्यांत आपली सतरा अंकी संख्या ‘मध्य’ या स्थानापर्यंत जाऊन सुखाने बसते, पण ही एकोणीस अंकांची, म्हणजे परार्धाच्याही पलीकडची. तिच्या पहिल्या अंकाला त्या यादीत नावच नाही.

पण मग मी सवयीने तिचे दोन तुकडे केले. कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन भाग करून मिळवले की ती स्वतः परत मिळते अशी संख्या: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५, २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. आधी नऊ एकांचा वर्ग तोडून पाहिला: उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडे उरले १२३४५६७८, बेरीज ९९९९९९९९९. सुंदर, पण कापरेकर संख्या नव्हे. मग दहा एकांचा तो बिघडलेला वर्ग घेतला. उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१, डावीकडे उरले १२३४५६७९०.

१२३४५६७९० + ९८७६५४३२१ = ११११११११११.

दहा एक परत आले. हातच्याने जिथे माळ तोडली नेमके तिथेच कापरेकरांचे दुसरे लेणे सापडले. हा योगायोग नव्हे. संख्येचे नऊ-नऊ अंकांचे तुकडे करून मिळवले तर ९९९९९९९९९ ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही, जशी एकेक अंक मिळवल्याने ९ ची बाकी बदलत नाही. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ९९९९९९९९९ ने निःशेष भाग जातो आणि तुकड्यांची बेरीज सगळे नऊच देते. दहा एकांच्या संख्येला ९ ने भागले तर बाकी १ उरते, म्हणून तिच्या वर्गाला दहा नवांच्या संख्येने भागले असता बाकी म्हणून तीच संख्या उरते, आणि तुकड्यांची बेरीजही तेवढीच होते. याच हिशेबाने पुढची पाळी एकोणीस एकांची, मग अठ्ठावीस एकांची.

एकोणीस एकांचा वर्ग मी वहीत केला तेव्हा चौकडीचे पान आडवे धरावे लागले. सदतीस अंक भरले, हातचे अनेक वेळा घ्यावे लागले, आणि तुकडे मिळवल्यावर एकोणीस एक बिनचूक परत आले. मात्र या संख्येचे अवयव पाडायला बसण्यात अर्थ नाही. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे.